लंकेत पाखडणारी बाई

बाळापुरे रस्त्यात भेटले की आधी माणसाच्या हातांकडे पाहत, तोंडाकडे नंतर. समोरचा पानाला चुना लावताना करंगळी कुठे ठेवतो, बोलता बोलता धोतराचा सोगा कसा चाचपतो, हे सगळे पाहून झाले की मग म्हणत, "रामराम. कसं काय?" एखादी लकब फारच आवडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या माणसाच्या दारात उभे असत. हातात नारळ आणि सुपारी.

"ते तुमचं चुन्याचं बोट," ते म्हणत, "मले द्या."

लोक आधी हसत, मग नारळ घेत. बोट तर आपल्याच हाताला राहणार, मग नारळ का सोडा?

बाळापुरे मलकापूरच्या कोर्टात कारकून होते. माझे शेजारी; मी वर्तमानपत्राचा बातमीदार. कोर्टातही त्यांची नजर साक्षीदाराच्या बोटांवर असे. "माणूस तोंडानं खोटं बोलते, हाताले ते जमत नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य. न्यायाधीशांनी एकदा त्यांना आत बोलावून सांगितले, की कारकुनाने साक्ष लिहावी, बोटे पाहू नयेत. बाळापुऱ्यांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "पेपरवाले, साहेबाचा अंगठा पाह्यला काय? बोलताना मुठीत लपते. भेते तो माणूस." साहेबांकडे त्यांनी नारळ नेला नाही, एवढे तारतम्य मात्र दाखवले.

मागितलेल्या या लकबी गणपतीत दिसत. आमच्या आळीच्या मंडळाचा हलता देखावा बाळापुरे करीत. कागदाचा लगदा, लाकूड आणि जुन्या धोतरांचे कापड यांची माणसाएवढी माणसे. सांध्यांत सायकलच्या चेन, पाठीत पंख्याची मोटार, चौथऱ्याखाली कापसाच्या जिनातून आणलेला जुना पट्टा. कोणी त्यांना बाहुल्या म्हटले की बाळापुरे चिडत. "दोरी ओढल्यावर हालते ते बाहुली. हे आपल्या मनानं हालतात."

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी त्यांनी द्यूतसभा उभी केली. अंधार पडला की पडदा सरे. पहिल्या रात्री मी पुढे बसलो होतो. चेहरे पुराणातले होते, हात गावातले. धृतराष्ट्र पोस्टमास्तरांसारखा गुडघे चोळत होता. भीष्म चुन्याचे बोट मिशीला पुसत होता. लोक ओळखून हसले, पण हसू लवकर ओसरले. दारातला द्वारपाल थांबून थांबून मानेमागे हात नेत होता. ती लकब ज्या म्हाताऱ्याची, तो श्रावणातच वारला होता. त्याची सून बायकांत बसली होती. ती उठली, डोक्यावर पदर ओढला आणि सासऱ्यांसमोर उभे राहावे तशी बाजूला तोंड करून उभी राहिली. पडदा पडेपर्यंत बसली नाही.

शकुनीचे हात गुलाबरावांचे होते. गुलाबराव कापसाचे दलाल आणि मंडळाचे अध्यक्ष. दलालांचा सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरतो. हात रुमालाखाली घालण्यापूर्वी गुलाबराव पाची बोटे झटकत, ओले हात झटकावेत तशी. शकुनी फासे टाकण्यापूर्वी तशीच बोटे झटके. दुसऱ्या दिवशी बाजारात कोणीतरी ओरडले, "आला बे शकुनीमामा!" त्या दिवसापासून गुलाबरावांचा हात कोटाच्या खिशात गेला. बोटे झटकायची सवयच गेली म्हणाले. पोस्टमास्तरांचे गुडघे चोळणे थांबले. चुन्याचे बोट नेलेला पानवाला तर शपथेवर सांगू लागला, की आता चुना लावताना करंगळी कुठे ठेवावी तेच आठवत नाही.

चारचौघांत दाखवून दिलेली लकब माणूस टाकतो, यात नवल नाही. पण गावाने वेगळा अर्थ काढला. बाळापुरे नारळ देतात आणि हातातले काहीतरी घेऊन जातात. ते येताना दिसले की लोक हात मागे बांधू लागले. हॉटेलात ते शिरले की कपबशा खाली ठेवल्या जात.

त्या सभेत आणखी एक बाई होती. कौरवांच्या दरबारात, अगदी कडेला, मांडी घालून सूप पाखडत बसलेली. तीनदा पाखडायची, अंगठ्याने सुपाच्या काठावर टिचकी मारायची, खडा वेचून न पाहता मागे टाकायची.

"कौरवांच्या सभेत सूप काऊन?" गुलाबरावांनी विचारले होते.

"शंभर भाऊ काय उपाशी बसत होते?" बाळापुरे म्हणाले.

ती बाई कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. आळीतल्या बायकांनी पाहताक्षणी ओळखले. बाळापुऱ्यांच्या बायकोची, यमुनाबाईंची.

येथे घटनाक्रम नीट सांगितला पाहिजे, कारण गावाने तो उलटा केला. यमुनाबाई आषाढात चुलीपुढे पडल्या. उजवे अंग गेले. सूपवाली बाई त्यानंतर, भाद्रपदात आली. पण लोकांच्या आठवणीत आधी बाई आली आणि मग यमुनाबाई पडल्या. नवऱ्याने बायकोचे हात नेले आणि बायको लुळी झाली, अशी कथा तयार झाली. दुरुस्ती करायला गेलो की लोक म्हणत, "तुमाले पेपरात छापाचं नाही म्हणून तसं म्हणता."

शिरगणती आली तेव्हा एका मास्तरांकडे आमची आळी होती. ते बाळापुऱ्यांच्या घरात शिरले. माजघर अंधारे. चौरंगावर बाई पाखडत बसलेली. मास्तरांनी विचारले, "बाई, घरात माणसं किती?" बाईने तीनदा पाखडले, टिचकी मारली. मास्तरांनी पुन्हा विचारले. बाईने खडा मागे टाकला. तो मास्तरांच्या पायाशी पडला. बाई रागावल्या असे समजून मास्तर ओटीवर येऊन उभे राहिले आणि तिथून मोठ्याने विचारू लागले. तेव्हा आतल्या खाटेवरून यमुनाबाईंचा आवाज आला, "दोन लिहा, गुरुजी. अन् तिचं बी नाव घाला. घरातलं काम आता तेच करते."

मास्तरांनी हे मला हसत हसत सांगितले. पण पुढच्या घरांची गणती त्यांनी दुसऱ्याकडे दिली.

दुसऱ्या वर्षी लंकादहन झाले. संग्रामपूरकडून बस भरून लोक आले होते. लाल कागदाच्या ज्वाळा पंख्यावर उडत होत्या, राक्षस आळीतल्या लोकांसारखे डोके धरून पळत होते आणि कडेला ती बाई पाखडत होती.

"लंका जळून राह्यली अन् हे पाखडून राह्यली!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. सगळे हसले. तेवढ्यात वीज गेली.

मोटारी थांबल्या. राक्षस होते तिथे थिजले. मांडवात काळाकुट्ट अंधार. हसणारे गप्प झाले आणि त्या शांततेत सुपाचा आवाज येत राहिला. एक, दोन, तीन. टिचकी. खडा पडल्याचा आवाज. पुन्हा एक, दोन, तीन. एक पोर रडू लागले. मग बायका उठल्या, मग पुरुष. कोणी धावले नाही. सगळे चालत, पण मागे न पाहता बाहेर पडले.

बाळापुऱ्यांना मी नंतर विचारले. त्यांनी सरळ सांगितले. बाकीची माणसे विजेवर चालत. ही बाई भिंतीवरच्या घड्याळासारखी, लोंबत्या वजनावर. "लाइटीचा काय भरवसा?" ते म्हणाले. "तिले मधातच थांबवू काय?"

त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. तिसऱ्या वर्षी समुद्रमंथन ठरले आणि श्रावणात गुलाबराव बाळापुऱ्यांच्या घरी आले. येताना साक्षीदार म्हणून मला घेऊन आले. दोन्ही हात खिशात.

माजघरात देव-दानव भिंतीला टेकून उभे होते, अजून डोळे न रंगवलेले. त्यांच्यामधून वाट काढत आम्ही बसलो. बाई चौरंगावर पाखडत होती. मधले दार उघडे होते आणि पलीकडे खाटेवर यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"बाळापुरे, देखावा करा," गुलाबराव म्हणाले. "देव करा, दानव करा, पाहिजे तेवढे करा. हे बाई नको."

"बाई बसन."

"समुद्रात? सूप घेऊन?"

"काठावर बसन. इतके लोक घुसळून राह्यले, त्यायले भूक नाही लागत?"

"मजाक नका करू. लोक मांडवात याले भेतात. मागच्या साली अर्ध्या बायका आरतीले आल्या नाहीत. बाई ठेवाची असन तर मंडळाचा मांडव तुमाले नाही."

"मंग नाही तर नाही. बाई नाही, तर देखावा बी नाही."

गुलाबराव पुढे वाकले. आवाज खाली आणला, पण त्या घरात आवाज खाली आणून उपयोग नव्हता. "मले एक सांगा. लोक म्हणतात ते खरं हाय काय? वैनीचे हात तुमी नेले?"

बाळापुऱ्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. मग मधल्या दाराकडे पाहिले आणि मिटले. क्रम साधा होता. आषाढ आधी, भाद्रपद नंतर. त्यांनी तो सांगितला असता तर मी दुजोरा दिला असता. बाई पाखडत होती. तेवढाच आवाज.

"हाव," बाळापुरे शेवटी म्हणाले. "नेले म्हणा."

गुलाबराव उठले. "मंग झालं," ते म्हणाले. "यंदा मांडव दुसऱ्याले."

"अहो!" आतून आवाज आला. "ते टिचकी!"

आम्ही तिघेही वळलो.

"टिचकी पहिल्या हाताले मारून राह्यली ते. पाखडाच्या आधी टिचकी मारते काय कोणी? कधीपासून ऐकून राह्यली मी. तीनदा पाखडाचं, मंग टिचकी. पाहा इकडे, असं."

यमुनाबाई कुशीवर वळल्या होत्या. डावा हात सूप धरल्यासारखा हवेत होता. उजवा गोधडीवर होता. तो हलला. आधी बोटे, मग मनगट. गोधडीपासून चार बोटे वर उचलला गेला, थरथरला आणि डाव्या हातासोबत पाखडू लागला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा खाली पडला. यमुनाबाईंनी दम घेतला आणि अंगठा तेवढा उचलून टिचकी मारली.

गुलाबराव खाटेवरच्या त्या हाताकडे पाहत राहिले. मग चौरंगावरच्या बाईकडे. मग पुन्हा खाटेकडे. त्यांचे स्वतःचे हात केव्हा खिशातून बाहेर आले, त्यांना कळले नसावे.

"वैनी," ते म्हणाले, "हा हात उठते?"

"उठते थोडा थोडा. दाखवा लागते ना ह्यायले. कोर्टात कोणाचंबी बोट एका नजरेत उचलतात अन् घरातल्या बाईचं सूप दोन सालात जमलं नाही."

बाळापुरे चौरंगापाशी पाठमोरे बसून स्क्रू ढिला करीत होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

गुलाबरावांनी घसा खाकरला. "समुद्राच्या काठाले जागा ठेवा लागन," ते म्हणाले. "चार फूट पुरन काय?"

"पाच," बाळापुरे मागे न पाहता म्हणाले. "खडा टाकाले जागा पाहिजे."

जागा मोजून दाखवायला दोघे मांडवाकडे गेले. मी उठत होतो, तर यमुनाबाईंनी हाक मारली. "भाऊजी, पाणी द्या जरा."

मी तांब्या दिला. त्या घोटभर प्यायल्या.

"पडली तवा मयनाभर मी कोणाशी बोलली नाही," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड. डॉक्टर झाले, तेल झालं. मंग ह्यायनं हे बाई आणून समोर बसवली. उलटं पाखडे ते! भुसा सारा आपल्याच तोंडावर. मी दोन दिवस पाह्यलं. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, अहो, ते बाई मरन ना गुदमरून!" त्या हसल्या. "तवापासून दरसाल एक चूक ठेवतात. त्यायले वाटते, मले समजत नाही."

माजघरात बाई थांबली होती. पाठ उघडी, आत वजन लोंबत होते. देव आणि दानव रिकाम्या डोळ्यांनी आमच्याकडे पाहत होते.

"यंदा दोन ठेवल्या," यमुनाबाई म्हणाल्या.

"दुसरी कोणती?"

"खडा ते डाव्या खांद्यावरून टाकते. मी उजव्या." त्यांनी दाराकडे पाहिले. बाहेर अजून पावले वाजत नव्हती. "पण ते आत्ता नाही सांगत. गणपती उठले की हे घरात नुसते बसून राह्यतात, भाऊजी. जेवत नाहीत धड. तवा सांगन."