तीनशे वर्षांच्या धुळीची चोरी

माझ्याइतका हुशार माणूस या शहरात दुसरा नाही, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी सांगत नाही, त्याला माझा इलाज नाही. माणसाच्या बुटांकडे एक नजर टाकली की तो कुठून आला, कुठे निघालाय आणि त्याचं घरी पटतं की नाही, हे मी सांगतो. आजवर एकशे बारा जणांना सांगितलं. त्यांतल्या दोघांच्या बाबतीत ते खरं निघालं. उरलेले एकशे दहा खोटारडे होते.

माझे मदतनीस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा ताई म्हणाली, "यांना तुझ्याबरोबर ने बाबा, दिवसभर घरात फिरून डोकं खातात." ते नात्याने मोठे, त्यामुळे हुकूम सोडायची सोय नाही. दुसरे गुप्तहेर आपल्या मदतनिसाला 'वाक खाली!' म्हणतात. मला म्हणावं लागतं, "भावोजी, तसदी नसेल तर जरा टेबलाखाली जाता का?" त्यावर ते "गुडघ्यांना विचारतो" म्हणतात आणि बसून राहतात.

तर त्या दिवशी सकाळी नऊ वाजता जुन्या पबच्या मालकाचा फोन आला.

"लवकर या. चोरी झालीये."

"काय गेलं?"

"धूळ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या कानालाही धूळच ऐकू आली.

हा पब आमच्या शहरातला सगळ्यांत जुना. दार इतकं बुटकं, की आत शिरताना पर्यटकांची डोकी जिथे आपटतात तिथे मालकाने चक्क उशी ठोकली आहे. पण लोक येतात ते काउंटरमागची वरची फळी बघायला. तीनशे वर्षांपूर्वी ज्याने हा पब काढला, त्याचं आणि त्याच्या बायकोचं त्या फळीवरून वाजलं. "तू पूस." "तुम्ही पुसा." दोघंही हट्टी. शेवटपर्यंत कोणी पुसली नाही. पुढच्या पिढ्यांनी ते भांडण जपलं आणि फळीवरच्या सात बाटल्यांवर दोन बोटं धूळ साचली. निदान काल संध्याकाळपर्यंत होती. आज सातही बाटल्या लखलखत होत्या.

"अकरा वाजता गाईडबाई चाळीस जण घेऊन येतील हो!" मालक कपाळ धरून म्हणाला. "बिअर काय, कुठेही मिळते. ती धूळ बघायला येतात लोक. पलीकडच्या गल्लीतल्या पबात भुसा भरलेला दोनशे वर्षांचा उंदीर आहे. गाईडबाई एकदा का उंदराकडे वळल्या की माझं दुकान बंद!"

काउंटरच्या टोकाला एक म्हाताऱ्या बाई हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. त्या मालकाच्या सासूबाई. मुलीने पबवाल्याशी लग्न केलं म्हणून अकरा वर्षं त्या इथे फिरकल्या नव्हत्या. काल पहिल्यांदा आल्या, पण जावयाशी अजूनही मुलीमार्फतच बोलत होत्या. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, चहा गोड झालाय." मालकीणबाई बिचाऱ्या ग्लास ठेवतानासुद्धा आवाज होऊ देत नव्हत्या. आई पुन्हा रुसून गेली तर काय, ही धास्ती त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होती.

"मी काही सांगू का?" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, सगळं क्रमाने होईल," मी म्हणालो. "आधी संशयित, मग साक्षीदार, आणि घरची वडीलधारी मंडळी शेवटी."

पहिला संशय अर्थातच उंदीरवाल्यावर. उंदीर स्वच्छ असेल तर त्याला दोनशे वर्षांचा कोण म्हणेल? अंगावर टाकायला त्याला आयती जुनी धूळ हवी असणार. मी तडक पलीकडच्या गल्लीत गेलो आणि भिंगातून उंदीर तपासला. त्याच्या मिशीवर कणभर धूळ नव्हती. म्हणजे चोरीचा माल दडवलेला होता. पण कुठे, ते विचारायच्या आत उंदीरवाल्याने मला बाहेर काढलं.

परत आलो तर आचारी शिंकला. मी तिथेच थबकलो. सर्दी झालेला आचारी, आणि फळी त्याच्या वाटेवर! एका जबर शिंकेचं काम. मी लगेच प्रयोग मांडला. ताटलीत पीठ घेतलं, आचाऱ्याच्या नाकाखाली मिरपूड धरली. पीठ सगळं भावोजींवर गेलं.

त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "धूळ उडाली असती तर खाली कुठेतरी पडली असती ना?"

"भावोजी, आपण शास्त्रात पडू नये," मी आदराने म्हणालो.

"अहो, पण मी सांगते ना..." सासूबाई.

"आजी, क्रम!"

आता साडेदहा झाले होते. मालकाचा धीर सुटत चालला होता, म्हणून मी माझा शेवटचा आणि सर्वांत खोल सिद्धांत बाहेर काढला. धूळ कोणी नेलीच नव्हती. ती आपणहून गेली होती. तीनशे वर्षं एकाच फळीवर बसून कोणालाही कंटाळा येईल.

यावर मालकाने भिंतीला डोकं टेकलं.

तेवढ्यात, गुडघे मोकळे करायला मागच्या अंगणात गेलेले भावोजी परत आले. "मागे दोरीवर चार फडकी वाळताहेत. धुतलेली आहेत, तरी काळी."

"भावोजी, आपण इथे लोकांचे कपडे बघायला आलेलो नाही."

"मी पुसली ती फळी!" सासूबाई ओरडल्या. "सकाळपासून सांगतेय, हे गृहस्थ बोलूच देईनात!"

आचाऱ्याने शिंक गिळली.

"पाचला जाग आली," सासूबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "खाली आले. वाटलं, दोघं दिवसभर राबतात, वरच्या फळीवर हात पोचत नसेल. अकरा वर्षं लेकीसाठी काही केलं नाही मी. निदान एक फळी तरी पुसावी. स्टुलावर चढले. चार फडकी लागली. म्हटलं, कोणीतरी बघेल, चांगली झाली म्हणेल."

मालकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

अशा नाजूक क्षणी माझ्यासारखा माणूसच उपयोगी पडतो. मी मालकाला बाजूला घेतलं आणि ठसे घ्यायच्या पावडरचा डबा दाखवला. ती आमच्या हिची तोंडाला लावायची पावडर आहे, ही बाब तपासाच्या दृष्टीने गौण. "दोन फुंकरा," मी कुजबुजलो, "की तीनशे वर्षं परत जागेवर."

मालकाने डब्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे. मग डब्याचं झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिलं.

"छान पुसलीत, आई," तो म्हणाला. "आमच्या घरात आजवर कोणालाच जमलं नव्हतं."

मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. थोडा रागही आला, कारण पावडर चांगली होती.

एवढ्यात दारातल्या उशीवर धप, धप, धप असे चाळीस आवाज झाले. गाईडबाईंनी सवयीने फळीकडे हात केला आणि त्यांचा रंग उडाला.

"माझ्या सासूबाईंनी पुसली," मालक म्हणाला. त्याने मान ताठ ठेवली होती.

गाईडबाईंनी वीस वर्षं हेच काम केलं होतं. त्या तडक पर्यटकांकडे वळल्या. "मंडळी, फळी कोणी पुसायची, यावरून इथे नवरा-बायकोचं भांडण झालं. ते तीनशे वर्षं चाललं. आज पहाटे पाच वाजता एका आईने येऊन ते मिटवलं. त्या आई या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन बायका रडल्या. मग चाळीसही जण रांगेने मागच्या अंगणात फडकी बघायला गेले. तीनशे वर्षं आता तिथे वाळत होती. एकाने वास घेऊन पाहिला आणि समाधानाने मान हलवली. उंदराकडे कोणी गेलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी माझ्या वहीत नोंद केली : 'आरोपीला कुशलतेने बोलतं केलं.' भावोजींनी ती वाचली आणि आपल्या पोस्टातल्या सुवाच्य अक्षरात खाली लिहिलं, 'दोनदा गप्प केल्यानंतर.'

सासूबाई मात्र मान वर करून तुळयांच्या वरचा माळा न्याहाळत होत्या. तिथली जळमटं पबाइतकीच जुनी, आणि गाईडबाईंच्या माहितीपत्रकात त्यांचा फोटो आहे.

"जावईबापू," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या त्याच्याशी थेट बोलत होत्या. "त्या माळ्यावरही तुमचा हात पोचत नसेल, नाही?"

मालकीणबाईंचे डोळे भरून आले. गाईडबाईंनी माहितीपत्रक छातीशी धरलं. मालकाने एकदा जळमटांकडे डोळे भरून पाहिलं.

"नाही हो, आई. कुठला पोचतोय," तो म्हणाला आणि शिडी आणायला गेला.