जरा लांब आहे

वडिलांची बातमी कापणं हे तिचं रोजचं कामच होतं. ते एके काळचे लांब पल्ल्याचे विजेते धावपटू, आता क्रीडा वार्ताहर. ती त्याच वर्तमानपत्रात उपसंपादक. संध्याकाळी ते मैदानावरून फोनवर बातमी सांगत, ती टाइप करी. शेवटी ते विचारत, "कशी झालीय?"

"लांब आहे."

"लांबचंच धावलोय आयुष्यभर," म्हणून ते फोन ठेवत. बारा वर्षांत "छान" हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता आणि त्यांनी विचारायचं सोडलं नव्हतं.

त्या दिवशी मुलींची दहा हजार मीटरची शर्यत होती, म्हणजे पंचवीस फेऱ्या. पंचांचा हिशेब चुकला आणि शेवटच्या फेरीची घंटा एक फेरी आधीच वाजली. चोवीस फेऱ्या संपताच पुढच्या दोघी थांबल्या. तेवढ्यात, वडील सांगत होते, एक वयस्कर गृहस्थ फेऱ्या मोजलेली वही नाचवत, "अजून एक बाकी आहे" म्हणत मैदानात उतरला. पंचांनी त्याला "काका, बसून घ्या" म्हणून झटकलं. मग तो स्वतःच चपलांनिशी धावत सुटला. ते बघून दोघीही निघाल्या आणि त्याला मागे टाकून पहिल्या-दुसऱ्या आल्या. गडबडीत तिसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी त्याच्या हातात पडली. खऱ्या तिसरीने लेखी तक्रार केली.

"काय आगाऊ माणूस. नाव काय त्याचं?" तिने विचारलं.

"वार्ताहराला ते समजू शकलं नाही."

"बाबा, तुम्हाला धाप का लागलीय?"

"चपलेचा अंगठापण तुटलाय. ते छापू नकोस."

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्यांनी विचारलं, "कशी झालीय?" सवयीने ती म्हणाली, "लांब आहे." आणि शेवटचा परिच्छेद उडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. कालच्या धावण्याचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. चिठ्ठी शर्टाच्या खिशात सापडली, नीट घडी घालून ठेवलेली.

आठवड्याने ती कामावर आली. त्यांच्या फोनची वेळ झाली, तसा तिने उडवलेला परिच्छेद शोधून काढला. एकच वाक्य होतं: 'जास्तीची वाटलेली ही फेरी विजेती हसत धावली, आणि तो गृहस्थही.'

तिने ते जागच्या जागी बसवलं. बातमी पहिल्यापासून वाचली. शेजारच्या टेबलावर कोणी आहे का, हेही पाहिलं नाही.

"छान झालीय, बाबा," ती म्हणाली. "अजून लांब हवी होती."