देवरावजींचा कापूस

देवरावजी समोरच्याला 'कसे आहात' असं कधी विचारत नाहीत. तो किती आहे, ते त्याला सांगतात. रस्त्यात भेटले की डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवायची, मान जराशी तिरपी करायची आणि निकाल द्यायचा, "अठ्ठ्याहत्तर, मास्तर. दिवाळीपासून दोन चढले." एवढं बोलून पुढे निघून जायचं. पांढुर्ण्याच्या मंडीत कापूस तोलण्यात या मापाऱ्याचा जन्म गेला. निवृत्तीनंतर कापूस सुटला, पण तोलणं काही सुटलं नाही.

मी एकदा हट्टाला पेटून मेडिकलसमोरच्या मशीनवर चढलो. अठ्ठ्याहत्तरच निघाले. आमच्या गल्लीतल्या बायका देवरावजी दिसले की आधी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवतात, उगाच ती आपल्यात धरली जायला नको. एका लग्नात नवरदेव घोडीवर चढत असताना हे गृहस्थ वधूपित्याला म्हणाले, "शहाण्णव हाय पोरगा. घोडीला पाणी पाजलं का?" कोणी रागावलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "काटा झूट नाही बोलत, बापा."

या माणसाच्या घरी कुत्रा आला तो मुलामुळे. मुलानं हैदराबादच्या फ्लॅटमध्ये हौसेनं लॅब्राडोरचं पिल्लू घेतलं, सहा महिन्यांत हौस फिटली, आणि पिल्लू वडिलांकडे पोचलं. काळंकुळकुळीत, नाकापासून शेपटीपर्यंत. देवरावजींनी त्याचं नाव ठेवलं कापूस. मी कारण विचारलं तर म्हणाले, "जिंदगीभर पांढराच पाहिला, मास्तर. आता थोडा बदल."

त्याला शिकवलं तेही मंडीच्या रिवाजानं. ताटली समोर ठेवायची आणि लिलाव पुकारायचा, "एक बार... दो बार..." कापूस लाळ गाळत बसून राहायचा. "तीन बार!" म्हटलं की ताटलीवर तुटून पडायचा. एकदा देवरावजींना 'दो बार' नंतर जोराचा ठसका लागला. ते पाणी पिऊन, छाती चोळून परत येईपर्यंत कुत्रा तसाच बसलेला. माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांपैकी एकालाही मी एवढं शिकवू शकलेलो नाही.

पण गावात काळा कुत्रा पाळणं म्हणजे काय, ते हैदराबादच्या मुलाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे शनीची साडेसाती लागली की शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालतात. आता गल्लीतली काळी कुत्री काही कोणाची वाट पाहत उभी राहत नाहीत. शिवाय कोणाच्या पायाला पांढरा डाग, कोणाच्या छातीवर पांढरा ठिपका. अशा परिस्थितीत निखळ काळा, न चावणारा आणि कायम घरी सापडणारा कुत्रा मिळाल्यावर लोक त्याला सोडतात होय? दर शनिवारी सकाळी देवरावजींच्या फाटकाशी रांग लागायला लागली. कोणाचं लग्न जमत नव्हतं, कोणाची बदली अडली होती, कोणाच्या संत्र्याचा बहार गळाला होता. आमच्या पोराला नोकरी लागत नव्हती, म्हणून माझी बायको नंदाही पोळी घेऊन जायची. तेलाबरोबर गूळ लावायची. एक व्यापारी तर थेट जिलबीसारखी पाकातली इमरती आणायचा. साऱ्या गावाचा शनी कापसाच्या अंगावर चढत गेला.

तीन वर्षांत कापूस ओट्याच्या दोन पायऱ्याही चढेना. मागचे पाय थरथरायचे, मध्येच बसकण मारायचा. शेजारच्या सौंसरला एक तरुण डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या आहेत, त्यांच्याकडे देवरावजींनी त्याला नेलं. बाईंच्या काट्यावर कापूस चव्वेचाळीस भरला. "काका, चौतीसच्या वर एक किलो नको," त्या म्हणाल्या. "नाहीतर मागचे पाय गेलेच समजा. मग हा उठायचा नाही."

घरी आल्यावर देवरावजी दोन दिवस कोणाचं वजन सांगत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कंबर कसली. कापसाला उकडलेला दुधी, मोजून भात, सकाळ-संध्याकाळ रेल्वे फाटकापर्यंत चालणं. शनिवारी आलेल्यांना ते सांगत, "ठेवून जा पोळी. त्याच्या टाइमानं खाईन तो." लोक हात जोडून, दोन घटका उभे राहून, मुलाबाळांची चौकशी करून निघून जायचे.

रविवारी सकाळी वजन व्हायचं आणि त्या कामी मला बोलावणं यायचं. मंडीनं इलेक्ट्रॉनिक काटे घेतले तेव्हा पोती तोलायचा जुना लोखंडी काटा देवरावजींनी घरी आणून ठेवला होता. कापूस त्यावर एकटा उभा राहत नसे. फळी करकरली की उडी मारायचा. म्हणून देवरावजी त्याला छातीशी धरून वर उभे राहायचे आणि मी समोरून दांडी सरळ करायची.

"किती?"

"एकशे पाच."

"त्यातून माहे एकसष्ट गेले. कापूस चव्वेचाळीस."

पुढच्या रविवारी एकशे पाच. महिन्यानं एकशे पाच. कधी अर्धा किलो इकडे, कधी तिकडे, पण फिरून एकशे पाचच. नंदा म्हणत होती की कापसाच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या. तो ओट्यावर चढायलाही लागला होता. पण काट्यापुढे आमच्या डोळ्यांचं कोण ऐकतो? देवरावजींनी त्याचा भात निम्मा केला. पुढच्या महिन्यात बंदच केला. कापूस रिकामी ताटली चाटत बसायचा आणि ते तोंड फिरवून दाराबाहेर पाहत उभे राहायचे.

चौथ्या महिन्यात एका रविवारी, पुन्हा एकशे पाच ऐकल्यावर ते कुत्र्याला मिठीत धरून काट्यावरच उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, वरून आटून राहिला अन् वजन तेवढंच. म्हंजे आतमंदी काही वाढून राहिलं. गाठ असंन. माही बायको अशीच गेली. वरून आटत गेली, अन् आम्ही म्हणत होतो, उपासानं वाळली."

मी माझी जुनी मारुती काढली आणि आम्ही तडक सौंसर गाठलं.

बाईंचा काटा जमिनीला लागून आहे, त्यामुळे कापूस त्यावर आपला आपण चालत गेला. छत्तीस.

"अरे वा! आठ किलो!" बाई म्हणाल्या. "कसं केलंत, काका?"

"मशीन बिघडलं तुमचं, बाई."

बाईंनी दुसऱ्यांदा तोललं. छत्तीस. देवरावजी वाकून काट्याची वायर तपासायला लागले. काटा खोटा आहे असं त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. बाईंनी कुत्र्याचं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले. मग त्यांनी देवरावजींच्या पोटाकडे पाहिलं. "काका, तुम्ही चढा बरं यावर."

"माह्यं मले ठाऊक हाय. एकसष्ट. लग्नापासून एकसष्ट."

"चढा तर खरं."

ते चढले. एकोणसत्तर.

छत्तीस आणि एकोणसत्तर एकशे पाच. मी गणिताचा मास्तर आहे. चार महिने दांडीसमोर उभा राहून मी 'माहे एकसष्ट गेले' ऐकत होतो आणि मान हलवत होतो. आणि हा माणूस! मंडीत रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं वजन वजा केल्याशिवाय यानं कधी आकडा पुकारला नाही. पोतं ओलं वाटलं तर बारदान पुन्हा तोलायचा, शेतकरी कंटाळून जायचे. इथे बारदान तो स्वतःच होता आणि त्याला एकदाही तोलावं असं वाटलं नाही. मला इतकं हसू आलं की बाईंच्या टेबलाला धरून उभं राहावं लागलं. देवरावजी मात्र खाली बसले आणि कापसाच्या मानेत तोंड घालून म्हणाले, "गाठ नाही रे, लेका. गाठ नाही."

परतताना संत्र्याच्या बागांतून गाडी चालली होती आणि मागच्या सीटवर कापूस बाईंनी दिलेलं बिस्किट तीन बारची वाट न पाहता खात होता. मी विचारलं, "देवरावजी, आठ किलो आले कुठून?"

"पोळ्या," ते म्हणाले. "शनिवारच्या."

"तुम्ही खात होता?"

"मंग काय करू? कापसाले द्याव्या तर पाय जाते त्याचे. गाईले द्याव्या तर लोकायच्या शनीसंग बेइमानी होते. कापूस माहा पोरगाच ना? पोराच्या वाटचं बापानं खाल्लं तर शनीले चालत असंन. तीस-तीस पोळ्या, मास्तर. कुस्करा करून आठवडाभर पुरे. तुमच्या घरचा गूळ लई होता."

"अहो, पण फाटकावर पाटी लावायची, पोळ्या आणू नका म्हणून!"

त्यांनी हात मागे नेऊन कापसाचा कान चोळला.

"मंडीत होतो तवा दिवसाले शंभर माणूस बोले माह्याशी," ते म्हणाले. "मापारी, दांडी पाहा. मापारी, आमचं आधी घ्या. ते सरलं. मंग बायको गेली. चार-चार दिवस मी नुसता कापसाशी बोलत राहो. पोळ्यायच्या बहाण्यानं लोकं येऊ लागले. येते, उभे राहते, कसं चाल्लं देवरावजी, म्हणते. पाटी लावली असती, मंग कोन आलं असतं?"

चार महिने दर रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. दांडी सरळ केली, आकडा सांगितला आणि दहा मिनिटांत घरी परतलो. एकदाही बसलो नाही. त्यांनी बसा म्हटलं नाही असंही नाही.

घरी येऊन नंदाला सगळं सांगितलं. तिनं आधी कपाळावर हात मारला, मग पदरानं डोळे पुसले. शनिवारी पोळी न्यायची की नाही, ते ती अजून ठरवते आहे. पण बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं रिकाम्या हातांनी देवरावजींकडे गेलो. फाटकाची कडी वाजवली.

आतून आवाज आला, "कोन हाय? आज शनिवार नाही."

"मी आहे, मास्तर. नंदा पण आली आहे."

"काय काम होतं?"

"काही काम नाही. बसायला आलो."

नंदानं माझ्याकडे पाहिलं. मग आत काहीतरी ओढत आणल्याचा आवाज झाला, एकदा आणि पुन्हा एकदा.

"थांबा, मास्तर," देवरावजी आतून म्हणाले, "खुर्च्या पुसून राहिलो."