वसंतकाकांची आफ्रिका

डोणगावला सख्ख्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. वसंतकाका गेले नाहीत, कारण त्यांचे उंट सहारात अडकले होते.

साडूंना त्यांनी फोनवर तसंच सांगितलं. "वायवंटात हाओ. विहीर कोरडी निंघाली. मले येता येत नाई." साडूंनी राँग नंबर समजून फोन ठेवला.

वसंतकाका म्हणजे नांदुऱ्यातले आमचे शेजारी. उभा जन्म धान्याच्या अडतीत गेला. आता दुकान पुतण्या बघतो आणि काका आफ्रिका बघतात, पुस्तकातून. खामगावच्या पुढे एसटी गेली की ज्यांना मळमळतं, ते हे गृहस्थ किलीमांजारो चढून आलेत.

वाचनाचा नियम कडक. पुस्तकातला प्रवासी थांबला की यांनीही पुस्तक मिटायचं. तो तापानं आठवडाभर तंबूत पडला, तर काका आठवडाभर घराबाहेर पडत नाहीत. त्याची रसद संपली की यांची पुरणपोळी बंद. एकदा मी म्हणालो, "काका, पुढचं पान उलटा की. सुटेल तो."

केवढे भडकले! "त्याले मरणाच्या दारात टाकून मी पान उलटू? माणूस हायेस का हैवान बे तू?"

त्यांचं कुठलंही बोलणं 'आपल्या आफ्रिकेत' पासून सुरू होतं. वीज जावो, भेंडी महागो, आपल्या आफ्रिकेत त्याला तोड असतेच. आमच्या गल्लीला आता शेगावच्या रस्त्यापेक्षा नाईल नदीची वळणं जास्त पाठ आहेत.

मुलगी सुषमा पुण्यात नोकरीला. वडिलांचं वेड तिला लहानपणापासून ठाऊक. गेल्या उन्हाळ्यात तिनं केनियाच्या सहलीत दोन जागा ठरवल्या, एक काकांची, एक स्वतःची. काकू अर्धांगवायू झाल्यापासून खाटेवरच असतात. त्यांच्याजवळ तेवढे दिवस मावशी राहणार होती. सगळी सोय चोख होती.

काका म्हणाले, "नाई."

"काऊन, बाबा?"

"तिथं आता नुसती जीपगाड्याईची गर्दी. आपली आफ्रिका राह्यली नाई ते."

सुषमा चिडली, मग रडली, मग तिनं मला गाठलं. "दादा, तुम्हीच समजवा त्याईले. जन्मभर ज्याचा ध्यास घेतला, ते समोर आलं तर पाहाचं नाई?" मला पटलं. आज काकांचा होकार घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच मी दुपारी त्यांच्याकडे गेलो.

आतल्या खोलीतून काकांचा आवाज येत होता. काकूंना ते वाचून दाखवत होते. पुस्तक मीच आणून दिलेलं, मी वाचलेलंही. त्यातला प्रवासी नदी ओलांडतो तेव्हा त्याच्याबरोबर चिटपाखरूही नसतं.

"मंग मी अन् कुसुम नदीत उतरलो," काका वाचत होते. "पाणी कमरेलोक आलं."

"माहं लुगडं भिजलं असंन," काकू अडखळत म्हणाल्या.

"भिजलं ना. म्या म्हटलं होतं तुले, वर खोच."

काकू हसल्या. हसू अर्ध्याच ओठांवर उमटलं, पण मनापासूनचं होतं. मग म्हणाल्या, "पोरगी एवढी म्हनते, तर जाऊन या ना. माहं काय, मी राहीन."

मी दारातच थांबलो होतो.

"भरल्या नदीत तुहा हात सोडू?" काका म्हणाले. "चाल. पाय जपून टाक. आता काठ आलाच."