धायरीचा सात नंबर

नेनेकाका माणसांना नावाने हाक मारत नाहीत. आमच्या वारज्याच्या सोसायटीत मी एकतीस नंबर, सेक्रेटरी बारा. "बारावर नुसती खरखर असते," इति काका.

काका हौशी रेडिओवाले. त्यांच्या संचाच्या मेमरीत एकेका मित्राची फ्रिक्वेन्सी नंबरवार साठवलेली. तीच सोय त्यांनी शेजाऱ्यांनाही लावली. विषय कंटाळवाणा झाला की हवेत दोन बोटं फिरवून म्हणतात, "अहो, बँड बदला." दुधीची भाजी पाहूनही बोटं फिरतात. काकू शांतपणे म्हणतात, "या घरात एकच बँड आहे. जेवा."

माझी पत्नी गेली तेव्हा सगळे सांत्वनाला आले. काका म्हणाले, "एकतीस, रोज पावणेआठला वर या. ऐकायचं फक्त, बोलायचं नाही."

एका सकाळी मी हौसेने मेमरीचं बटण दाबलं. नुसतं दाबलं की साठवलेलं लागतं. दाबून धरलं की जुनं पुसून नवं लिहिलं जातं. मी धरलं.

"सात नंबर पुसलात तुम्ही!" काका पांढरे पडले.

सात म्हणजे धायरीचे भागवत, कॉलेजपासूनचे मित्र. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. रोज आठला दोघं रेडिओवर शब्दकोडं सोडवत. काका बोलत, भागवत माइकचं बटण दाबत. दोनदा खट् म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही.

"आकडा सांगा, परत भरू," मी म्हणालो.

"आकडा कुणाला आठवतोय? इतकी वर्षं नुसता सात लावतोय!"

धायरीला फोन केला. भागवतांची सून म्हणाली, "काका, इथे पडद्यावर आकडा नाही. नुसतं 'नेने' दिसतंय."

आठ वाजले. काका रेडिओची चकती एकेक खाच फिरवू लागले. "भागवत, आहेस का?" शांतता. पुढची खाच. सव्वाआठ झाले. "त्याला वाटेल, मी कंटाळलो," काका पुटपुटले. मी खाली मान घालून बसलो.

अचानक, खट् खट्.

"अरे, हरवलो होतो!" काका ओरडले. "शेजाऱ्यांची कृपा!"

खट् खट् खट् खट् खट्. भागवत हसत असावेत.

काकांनी चष्मा पुसून पेपर उघडला. "आडवा एक. गणपतीचं वाहन, तीन अक्षरी. गाढव?"

ताबडतोब, ठणठणीत खट्.

"नाही? बरं बाबा, तू हुशार. उंदीर?"

खट् खट्.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. सगळं कोडं आधीच पेनाने भरलेलं होतं.