सहा ते सात रडणारी बाई

भाऊसाहेबांनी बायकोला वचन दिलं होतं, तेही लेक-जावयाच्या समोर, की आता नवीन खूळ नाही. दुर्बीण हे शेवटचं. (दुर्बिणीतून ते खरंच चंद्र बघत होते. पण चंद्र नेमका समोरच्या इमारतीच्या गच्चीमागून उगवायचा आणि त्या गच्चीवर बायका कपडे वाळत घालायच्या. त्याला भाऊसाहेब काय करणार?)

वाहन परवान्यांच्या कचेरीत ते हेडक्लार्क. तीस वर्षं लोकांना 'उद्या या' सांगण्यात गेलेली. असा माणूस एके दिवशी घड्याळ दुरुस्त करायला दुकानात गेला आणि मागच्या खोलीतून येणारा आवाज ऐकून काउंटरला धरून उभाच राहिला. कुणीतरी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी घसरवत वाजवत होतं. सूर वितळल्यासारखे एकातून दुसऱ्यात जात होते.

वाजवणारे गृहस्थ एके काळी जहाजावरच्या बँडमध्ये होते. आता सगळे त्यांना कप्तान म्हणत.

"कंट्री म्युझिक," कप्तान म्हणाले. "घरदार सोडून लांब गेलेल्या माणसांची गाणी. त्यातल्या जुन्या लिक शिकवतो मी."

"लिक म्हणजे?"

"गाणारा श्वास घ्यायला थांबतो ना, तेवढ्या फटीत गिटारने टाकायचा हुंदका. चार-पाच सुरांचा. सूर सरळ पकडायचा नाही. खालून घसरत यायचं, लाजत लाजत."

लाजत लाजत येणं भाऊसाहेबांना जन्मापासून येत होतं. त्यांनी तिथल्या तिथे नाव घातलं. कप्तानांनी त्यांना एक जुनी गिटार आणि डब्याएवढा बॅटरीचा स्पीकर वापरायला दिला.

आता प्रश्न वचनाचा. बायको रोज सहा ते सात शिवणाचा क्लास घ्यायला जायची. भाऊसाहेबांनी ठरवलं, तेवढाच तास. ती जिना उतरली की कपाटामागून गिटार काढायची आणि सातला पाच मिनिटं असताना बायकोच्या जुन्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये गुंडाळून परत ठेवायची. तीन आठवडे हे बिनबोभाट चाललं. निदान भाऊसाहेबांना तसं वाटलं.

खालच्या मजल्यावर निवृत्त नर्स राहायच्या. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांच्या डोक्यावर रोज सहाला एक बाई रडायला लागायची. आधी मुसमुसायची, मग हुंदके, मग एक लांबच लांब विव्हळणं. आणि सिस्टरनी खिडकीतून डोळ्यांनी पाहिलेलं होतं, की त्या वेळी वहिनी तर घराबाहेर असतात!

एका संध्याकाळी साडेसहाला बेल वाजली. भाऊसाहेबांनी गिटार कांडीसकट कशीबशी गाऊनमध्ये गुंडाळली, स्पीकरसकट कपाटात कोंबली, दार दाबून लावलं आणि घाम पुसत दरवाजा उघडला. समोर सिस्टर आणि सोसायटीचे सेक्रेटरी.

"आत कोण आहे?" सिस्टरनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग रडत कोण होतं?"

"टीव्ही."

"टीव्ही बंद आहे," सेक्रेटरी आत डोकावत म्हणाले.

"मांजर असेल." (घरात मांजर कधीच नव्हतं. बायकोला शिंका येतात.)

तेवढ्यात कपाटातली कांडी तारांवरून घसरली. स्पीकर चालूच होता. तीन आठवडे जो हुंदका भाऊसाहेबांना साधला नव्हता, तो कपाटाने एकट्याने अगदी सुरेख काढला.

सिस्टर धावल्या. कपाटाच्या फटीतून गाऊनचं टोक बाहेर आलेलं त्यांना दिसलं आणि त्यांनी कपाटावर थाप मारली. "घाबरू नकोस, पोरी! मी आहे! बाहेर ये!"

भाऊसाहेब कपाटाला पाठ लावून उभे राहिले. एका शब्दात सुटका होती. पण वचन मोडल्याची कबुली त्या दोघांसमोर द्यायची? एक क्षणभर तर त्यांना असंही वाटून गेलं, की परकी बाई असती तर बायकोने एकवेळ समजून घेतलं असतं, गिटार नाही घेणार. या विचाराचीच त्यांना इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

आणि बायको दारात उभी. सिस्टरनीच तिला क्लासमधून बोलावून घेतलं होतं.

"सरका," ती म्हणाली.

भाऊसाहेब सरकले. तिने कपाट उघडलं, गाऊन सोडला. सगळे गिटारकडे बघत राहिले. सिस्टरचा चेहरा पडला.

"आम्हाला वाटलं, एखादी बाई..." सेक्रेटरी पुटपुटले.

"बाई?" बायको हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, ह्यांच्यासाठी कोण बाई रोज तासभर रडायला येणार?"

मंडळी गेली. बायकोचं हसूही ओसरलं.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"म्हणजे तीन आठवडे तुम्ही मी कधी घराबाहेर पडतेय याची वाट बघत होतात."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गाऊनची घडी घालत होती, बाही बाहीला जुळवून. भाऊसाहेबांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गिटार लपवताना आपण ती कुणापासून लपवतोय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तू हसशील म्हणून सांगितलं नाही."

"हसले असतेच. पण ऐकलंही असतं. वाजवा."

त्यांनी वाजवलं. दोन सूर तर कुठल्या कुठे गेले. पण शेवटचा खालून घसरत आला आणि नेमका जागेवर टेकला. बायकोने घडी बाजूला ठेवली.

"हा शेवटचा बरा होता," ती म्हणाली. "उद्या सुट्टी आहे मला. दारं-खिडक्या उघडून, माझ्यासमोर वाजवायचं. चोरून काही नाही."

दुसऱ्या दिवशी सहाला भाऊसाहेब गॅलरीजवळ खुर्ची टाकून बसले. बायको समोर. तीस वर्षांत पहिल्यांदाच आपण काहीतरी उजळ माथ्याने करतोय असं त्यांना वाटलं. दहाव्या मिनिटाला बेल वाजली. सिस्टर होत्या.

"भाऊसाहेब," त्या कळवळून म्हणाल्या, "तीन आठवडे कुणी तक्रार केली का तुमची? बाई बिचारी रडतेय म्हटल्यावर माणुसकी म्हणून सगळ्यांनी सोसलं. पण हे जर संगीत असेल, तर मेहेरबानी करून बंद करा!"