टेबलाला हात लावायचा नाही

घड्याळजींच्या बायकोनं रविवारी सकाळी साडेसातला टेबलाला हात लावला, आणि साडेनऊला तिच्या लक्षात आलं की बाईंचं घड्याळ जागेवर नाही.

नियम तसा जुना होता. घरात कुठेही झाडा, पुसा, उलथापालथ करा. खिडकीजवळच्या त्या टेबलाला हात लावायचा नाही. दुकानात ज्यांच्यापुढे हात टेकले जायचे, ती हट्टी घड्याळं त्या टेबलावर मुक्कामाला येत. तिथले स्क्रू इतके बारीक, की शेजारी बसून शिंकायचीही चोरी. बावीस वर्षं तिनं हा नियम इमानेइतबारे पाळला होता. पण थंडी सरून खिडक्या पहिल्यांदा सताड उघडल्या, ऊन थेट टेबलावर येऊन बसलं, आणि चार महिने गुण्यागोविंदानं नांदलेली धूळ उघडी पडली. तिच्यानं ते बघवेना. नवरा दाढी करत होता. दहा वाजता डबे घेऊन सगळ्यांनी नदीकाठी जायचं होतं, वर्षातली पहिली सहल. तिनं मनाशी म्हटलं, पाच मिनिटांचं काम, त्यांना कळणारसुद्धा नाही.

काम खरोखर पाच मिनिटांचंच होतं. एकेक वस्तू तिनं जशीच्या तशी ताटात उतरवली, टेबल पुसलं, सगळं होतं तसं मांडलं. ताटाबाहेर राहिलं ते फक्त बाईंचं घड्याळ. चपटं, गोल, चावीचं, खिशात ठेवायचं. ते हातात असतानाच दूध वर आलं. ती धावली, आणि धावता धावता तिनं ते कुठेतरी मऊ जागी ठेवलं. मनात म्हणालीही, 'इथे ठेवते, म्हणजे लक्षात राहील.'

हे वाक्य मनात म्हणून ठेवलेली वस्तू आजवर कुणाला सापडलीय?

बाई म्हणजे मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण घड्याळजी त्यांचे विद्यार्थी. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर चंद्र उगवलेला. तरी बाई दुकानात आल्या की त्याचे हात आपोआप पाठीमागे जात. घड्याळ बाईंच्या यजमानांचं. ते गेले आणि महिन्याभरात घड्याळही बंद पडलं. दुकानात देताना बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "उशीखाली ठेवायचे ते. रात्रभर आवाज यायचा. आता घर फार गप्प झालंय." घड्याळजींनी त्या रात्री जेवताना हे बायकोला सांगितलं आणि पुढचा घास हातातच धरून बसले होते.

आता ते घड्याळ नव्हतं.

दुधाच्या वाटेवर मऊ काय काय होतं, याचा तिनं हिशेब मांडला. पहिली आठवली ती सासूबाईंची लोकरीची टोपली, स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर असायची ती. पण ती घेऊन सासूबाई केव्हाच गॅलरीत उन्हाला जाऊन बसल्या होत्या. सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. कान तर त्यांनी आपणहून निवृत्त केल्यासारखे होते. विणकाम मात्र सुरू. लोकरीचा गुंडा गुंडाळायला आत काहीतरी टणक हवं, ही त्यांची जन्माची रीत. अक्रोड, बाटलीचं बूच, दाराची मूठ, हाताला येईल ते. मागच्या वर्षी कांदा आला होता. घड्याळजींचा तो स्वेटर अजून बाहेर वाळतोय.

"आई, जरा टोपली बघू का?" तिनं विचारलं.

"बघ की. सुई हवीय का?"

तिनं लोकरीच्या लडींखाली हात घातला, आणि बोटांना चपटं, गोल, गार काहीतरी लागलं. तिचा जीव भांड्यात पडला. बाहेर काढून बघते तर बामची रिकामी डबी.

"ती असू दे तिथेच," सासूबाई म्हणाल्या. "गुंड्यात घालायला ठेवलीय." आणि मांडीवरचा आंब्याएवढा पिवळा गुंडा फिरवत राहिल्या.

टोपलीवर काट. पुढची मऊ जागा कोणती? पलंगावरच्या उशा. चारही उशा तिनं पिळून काढल्या. मग गोधड्या, त्या तर तिनं स्वतःच आठ वाजता गॅलरीच्या कठड्यावर झटकल्या होत्या. ती चपला न घालताच खाली पळाली, कठड्याखालचा फुलांचा वाफा धुंडाळला आणि नुकत्याच डोकं वर काढलेल्या दोन रोपांची मुंडी मुरगळून वर आली. आणि वर येताना, तिसऱ्या पायरीवर, तिला आठवलं. शेगडीच्या शेजारी रात्रीच चाळून ठेवलेलं मैद्याचं पातेलं होतं. मैद्याइतकं मऊ दुसरं काय असणार?

मैद्याचा एव्हाना केक झाला होता. मुलगी, जिला सतत काहीतरी कुरतडण्याच्या सवयीमुळे सगळे खारू म्हणत, तिनं तो पहिल्यांदाच एकटीनं केला होता. कॉलेजात जायला लागल्यापासूनची तिची ही पहिलीच घरगुती कामगिरी, आणि त्यासाठी भल्या पहाटे, म्हणजे आठ वाजता, उठली होती. केक नुकताच ओव्हनमधून बाहेर येऊन ओट्यावर मिरवत होता. खारू केस विंचरायला गेली तेवढ्यात आईनं सासूबाईंची विणायची सुई घेतली आणि केकवर धाड घातली. एका टोकापासून सुरुवात केली. सत्ताविसाव्या भोकाला सुई टणक कशावर तरी आपटली. तिनं बोटं घालून उकरलं. अक्रोडाच्या टरफलाचा तुकडा.

"आई," दारातून आवाज आला, "काय करतेयस?"

"शिजलाय का बघत होते."

"ते एका भोकात कळतं. ही शेतीच केलीयस तू."

खारूनं भोकं मोजली. सत्तावीस भरली. मग तिनं केकवर ताट झाकलं आणि सुई आईच्या हातातून काढून घेतली.

या सगळ्यात घड्याळजी मात्र विलक्षण शांत होते. खरं तर ते टेबलाकडे फिरकलेच नव्हते, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. एरवी रविवारी सकाळी डोळ्याला भिंग लावूनच चहा पिणारा माणूस आज सतरंजीची घडी घालत होता, बाटल्या भरत होता, आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होता, लवकरच निघू या ना, ऊन चढायच्या आत.

तेवढ्यात फोन वाजला. फोन बाईंचा होता. घड्याळ न्यायला त्या उद्या संध्याकाळी यायच्या होत्या, पण त्यांचं मुलाकडे जायचं एकाएकी ठरलं. दुपारची गाडी होती, दोन महिने तिकडेच राहणार होत्या. तेव्हा साडेदहाला येऊन जाते, म्हणाल्या. जाताना ते बरोबर असलेलं बरं, नव्या जागी झोप येत नाही.

घड्याळजींनी फोन खाली ठेवला आणि सतरंजीच्या घडीवरच बसले.

आता गत्यंतर नव्हतं. तिनं खारूला डबे भरायला पिटाळलं, दार लोटलं आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "अहो, मी टेबलाला हात लावला."

"हं."

"धूळ दिसत होती. बाईंचं घड्याळ मी उचलून कुठेतरी ठेवलं. सापडत नाहीये. सगळीकडे बघितलं. केकमध्येसुद्धा."

तिला वाटलं, आता बावीस वर्षांचं साठलेलं बाहेर पडणार. तिनं चोरून नवऱ्याकडे पाहिलं. परीक्षा पुढे ढकलली असं ऐकल्यावर पोरांचा होतो, तसा त्याचा चेहरा झाला होता. क्षणभरच. मग तो पडला.

"ते चालतच नाहीये गं," घड्याळजी म्हणाले. "तीन आठवडे झाले. तीनदा खोललं, धुतलं, तेल दिलं. चावी दिली की दहा मिनिटं चालतं, थांबतं. त्यांना कसं सांगायचं तेच कळेना, म्हणून म्हटलं आज त्याचं तोंडच बघायचं नाही."

"म्हणून लवकर निघायचं होतं होय?"

"म्हणूनच."

दोघं सतरंजीवर शेजारी शेजारी बसली. बंद घड्याळ परत करणं वाईट, पण निदान हातात काहीतरी द्यायला तरी होतं. आता तेही नव्हतं. कसं सांगायचं ते ठरवू लागली. ती म्हणाली, मी सांगते, चूक माझी. ते म्हणाले, विश्वासानं माझ्या हातात दिलंय, मीच सांगणार. ती म्हणाली, तुम्ही सांगायला लागलात की हात मागे बांधून उभे राहाल आणि आवाज फुटणार नाही. ते म्हणाले, ते खरं आहे. तेवढ्यात घंटी वाजली.

बाई उन्हातून आल्या होत्या. हातात छत्री, खांद्याला प्रवासाची पिशवी. त्यांना गॅलरीत सासूबाईंशेजारी बसवलं आणि चहा आणते म्हणून ती आत सटकली. पाठोपाठ कप काढायच्या निमित्तानं घड्याळजीही. कप एरवी कुठे असतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

सासूबाईंना दोन रिकामे हात दिसले की लोकरीची लड अडकवल्याशिवाय राहवत नसे, मग ते हात मुख्याध्यापिकेचे का असेनात. बाईंच्या मनगटांत पिवळी लड गेली आणि बाई आज्ञाधारकपणे डावे उजवे हात हलवत बसल्या. चहाचं पाणी एकदा उकळलं, दुसऱ्यांदा उकळलं, आटलं. नवरा बायको आत पाठांतर करत होती. 'बाई, एक सांगायचं होतं.' नको, 'बाई, रागावू नका.' खारू डबे बांधता बांधता एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

अखेर तिनं ट्रे उचलला. मागून घड्याळजी निघाले. हात पाठीमागे.

गॅलरीत सासूबाई चष्मा शोधायला उठल्या होत्या आणि जाताना गुंडा बाईंच्या हाती देऊन गेल्या होत्या. बाईंनी तो कानाशी धरला होता. डोळे मिटलेले. मनगटात लड तशीच.

"बाई," घड्याळजी म्हणाले, "एक सांगायचं..."

बाईंनी एक बोट वर केलं. शाळेत जसं करायच्या तसं. दोघं जागच्या जागी गप्प झाली. आणि त्या शांततेत, चहाच्या वाफेपलीकडून, तिलाही ऐकू आलं. बारीक, घट्ट, एकसुरी. टिक टिक टिक टिक.

तिला एकदम टोपलीतली बामची डबी आठवली. डबी टोपलीतच होती. मग गुंड्यात काय होतं?

"हाच आवाज," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातलाच होता. "मधेच जरा अडखळल्यासारखं करतं, ते ऐकलंस? ते पहिल्यापासूनचं आहे. बाकी घड्याळाला लोकरीत ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. उबेसाठी का?"

घड्याळजींच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. हो म्हणायला किती सोपं होतं. एका शब्दात सगळं झाकलं गेलं असतं. घड्याळजींचा आ तसाच राहिला होता. मग त्यांनी तो मिटला आणि म्हणाले, "बाई, मला जमलं नव्हतं. हे माझ्या आईनं केलंय. चुकून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फक्त टेबलाला हात कुणी लावला ते सांगितलं नाही. घरात आवराआवर चालली होती, एवढंच म्हणाले. बायकोनं ट्रे खाली ठेवला आणि पहिला कप नवऱ्यापुढे सरकवला.

सासूबाई चष्मा लावून आल्या. त्यांच्या कानाशी ओरडून सगळं पुन्हा सांगावं लागलं.

"अगंबाई, घड्याळ होतं का ते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं दुसरी एखादी डबी. सकाळपासून मांडीवर टकटक लागतंय, मला वाटलं माझीच नाडी. म्हटलं, डॉक्टर उगाच घाबरवतात, किती नीट चाललीय."

बाई हसायला लागल्या. आधी तोंड दाबून, मग खांदे हलवून. घड्याळजींनी शाळेत असताना हे दृश्य कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे हात हळूहळू पाठीमागून पुढे आले. नंतर त्यांनी गुंडा हातात घेऊन, इकडेतिकडे कलवून कारण सांगितलं. यंत्र थंडीनं आखडलेलं, टेबल गार खिडकीपाशी, त्यामुळे तेल सगळीकडे पोचतच नव्हतं. ऊन, मांडीची ऊब आणि गोल गोल फिरणं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणजे तीन आठवडे त्यांनी केलं ते सगळं बरोबरच होतं, फक्त सासूबाई कमी पडल्या होत्या.

गुंडा उलगडून घड्याळ काढून देतो, असं ते म्हणाले, पण बाईंनी तो सोडलाच नाही. आहे तसाच न्यायचा म्हणाल्या; उशीखाली बरा राहील, चावी द्यायची वेळ आली की उलगडीन. सासूबाईंनी अट घातली की लोकर परत हवी, स्वेटरची बाही राहिलीय. बाई म्हणाल्या, दोन महिन्यांनी बाही करूनच आणते. आणि गेल्या.

नदीकाठी पोचायला दीड वाजला. गवत कोवळं होतं आणि ऊन चढायचं तेवढं चढून आता जरा खाली बसलं होतं. खारूनं सत्तावीस भोकांत संत्र्याचा रस आणि साखर ओतून आणली होती. रस आत मुरला होता. पहिला तुकडा सगळ्यांनी बेतानं घेतला. दुसऱ्याला सगळ्यांनी एकदम हात पुढे केले. पुढच्या वेळी भोकं तूच पाड, असं खारूनं आईला बजावलं. सासूबाई सतरंजीवर आडव्या होऊन स्वतःची नाडी बघत होत्या आणि ती काही सकाळसारखी लागत नाही, अशी तक्रार करत होत्या. घड्याळजींची बायको गवतावर पाठ टेकून पडली. पाचव्या मिनिटाला तिला झोप लागली.

सोमवारी सकाळी ती फडकं घेऊन बाहेरच्या खोलीत आली. खिडकीजवळच्या टेबलापाशी तिची पावलं सवयीनं वळली, लांबून. पण टेबल निम्मं रिकामं होतं. तिनं स्वयंपाकघराच्या दाराशी पाहिलं. स्टुलावर लोकरीची टोपली होती. लडींच्या मधे, पिल्लांसारखी, सहा बंद घड्याळं दाटीवाटीनं बसवलेली. टोपलीच्या कडीला एक चिठ्ठी बांधली होती, घड्याळजींच्या बारीक अक्षरात.

'हात लावू नये.'

आणि टोपलीशेजारी सासूबाई उभ्या होत्या, पिवळ्या लोकरीचं टोक हातात धरून, अगदी लहान तोंड करून.

"तो म्हणतो तर नाही लावत," त्या म्हणाल्या. "पण मग मी गुंडाळू कशावर?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि ओट्यावरचा कांदा उचलून त्यांच्या हातात दिला.